सायकडच्या शंकूतले दोन भुंगेरे

फ्लोरिडातल्या कूंटी या ठेंगण्या सायकडचा नरशंकू पराग सांडून झाला की आतून पोखरलेला दिसतो. माळ्याचा हात लगेच औषधाच्या पंपाकडे जातो. मी म्हणेन, आधी भिंग घ्या. आत दोन जातींचे भुंगेरे भेटतात, दोन्ही जेमतेम काही मिलिमीटरचे. तोंड सोंडेसारखे पुढे आलेले असेल तर तो ऱ्होपॅलोट्रिया स्लॉसोनी. आपल्या धान्यातल्या सोंड्याचा हा दूरचा भाऊबंद. पण सोंड्याच्या शृंगिका कोपरात मोडलेल्या, याच्या सरळ. नुसती सोंड पाहून थांबणारा इथेच फसतो. सोंड नाही आणि शृंगिकांच्या टोकाला गदेसारखी जाडी आहे, तर तो फॅरॅक्सोनोथा फ्लोरिडाना.

दोघांच्याही अळ्या नरशंकूतच वाढतात. मग ही कीड की काय? कूंटीची नर-मादी झाडे वेगळी, आणि सायकडचे परागण वारा करतो अशी जुनी समजूत. विल्यम टँग यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मादीशंकूपासून वारा अडवला, तरी बी धरले. भुंगेरे अडवले, तेव्हा जवळजवळ धरलेच नाही.