तात्पुरता ताबा आणि कायमच्या वसाहती

सप्टेंबर १९६७ मध्ये इस्रायलच्या परराष्ट्र खात्याचे कायदेविषयक सल्लागार थिओडोर मेरॉन यांच्यापुढे एक प्रश्न विचारार्थ आला. त्या वर्षीच्या जूनमधील सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम, गाझा पट्टी, सिनाई आणि गोलन टेकड्या हस्तगत केल्या होत्या. या प्रदेशांत इस्रायली नागरिकांच्या वसाहती उभारता येतील काय, हा तो प्रश्न. १८ सप्टेंबरच्या गोपनीय टिपणात मेरॉन यांनी निःसंदिग्ध उत्तर दिले. अशी नागरी वसाहत चौथ्या जिनिव्हा कराराच्या स्पष्ट तरतुदींचा भंग करणारी ठरेल, असे त्यांनी पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या कार्यालयास कळविले. वसवायचेच असेल, तर ते नागरिकांकडून नव्हे, लष्करी तुकड्यांकडून आणि तात्पुरत्या छावणीच्या स्वरूपात व्हावे, अशी पुस्तीही टिपणात होती.

महिना संपण्यापूर्वीच बेथलेहेम व हेब्रॉन यांच्या दरम्यान क्फार एट्झिऑन येथे पश्चिम किनाऱ्यावरील पहिली वसाहत उभी राहिली. १९४८ च्या युद्धात उद्ध्वस्त झालेल्या ज्यू वस्तीची ती जागा होती आणि परतणाऱ्यांत त्या वस्तीतील मृतांची मुलेही होती. त्यांच्या भावना समजण्याजोग्या होत्या. परंतु जगापुढे मांडताना हे लष्करी ठाणे असल्याचे सांगण्यात आले. टिपणातील मूळ सल्ला बाजूला राहिला आणि पुस्तीचा उपयोग तेवढा आवरणासारखा झाला. पुढील अर्धशतकाहून अधिक काळच्या वादाचे मर्म या पहिल्या घटनेतच सामावलेले आहे.

नियम कशासाठी?

युद्धात प्रदेश जिंकला म्हणजे तो जेत्याचा झाला, हा न्याय जगाने एके काळी मान्य केलेला होता. १९०७ च्या हेग नियमांनी त्याला छेद दिला. व्याप्त प्रदेशावर जेत्याचे सार्वभौमत्व येत नाही; त्याच्याकडे केवळ तात्पुरता कारभार येतो. अगदी अशक्य नसेल तर तेथील प्रचलित कायदे त्याने पाळावेत, खाजगी मालमत्ता जप्त करू नये आणि सरकारी जमिनींचा उपभोग घेताना त्यांचे मूळ भांडवल शाबूत ठेवावे, असे हे नियम सांगतात. ताबेगहाण शेताचे पीक सावकाराने घ्यावे, पण शेत आपल्या नावे करून त्यावर भाऊबंदांची घरे उठवू नयेत, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

दुसऱ्या महायुद्धात एवढे निर्बंध पुरेसे नसल्याचे दिसून आले. हिटलरच्या राजवटीने पोलंडमधून लक्षावधी लोकांना हुसकावले आणि त्यांच्या घरादारांत जर्मन वंशाची कुटुंबे आणून बसविली. या अनुभवातून १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या ४९ व्या कलमात सहावा परिच्छेद आला. व्यापक सत्तेने स्वतःच्या नागरी लोकसंख्येचा कोणताही भाग व्याप्त प्रदेशात हलवू नये, असे तो परिच्छेद बजावतो. सैन्य परत जाऊ शकते, लष्करी राज्यपाल बदलता येतो. परंतु घर बांधून राहिलेली, शाळा आणि स्मशान उभारलेली वस्ती सहजी उठत नाही. प्रदेशाची लोकरचना बदलली की तात्पुरता ताबा हा केवळ शब्द उरतो.

मेरॉन यांचा जन्म १९३० साली पोलंडमध्येच झाला. त्यांचे बालपण नाझींच्या श्रमछावणीत करपले. तेव्हा या कलमाचा अर्थ त्यांना ग्रंथांतूनच शिकावा लागला असे नव्हे. पुढे ते युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचे अध्यक्ष झाले आणि २०१७ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या मताचा जाहीर पुनरुच्चार केला.

न्यायालयातील पेच

इस्रायलचे स्वतःचे सर्वोच्च न्यायालयही या प्रश्नापासून दूर राहू शकले नाही. १९७९ च्या प्रारंभी बेट एल येथील वसाहतीचा खटला त्याच्यापुढे आला. जमीन लष्करी गरजेसाठी घेतली असून वसाहत सुरक्षेस साह्यकारी आहे, हा सरकारचा दावा न्यायालयाने मान्य केला. त्याच वर्षी नाब्लसजवळील एलोन मोरे वसाहतीविरुद्ध रुजैब गावच्या जमीनमालकांनी दाद मागितली, तेव्हा मात्र वेगळे घडले. माजी सरसेनापती हैम बार-लेव्ह यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितले की, या वसाहतीची सुरक्षेसाठी आवश्यकता नाही. खुद्द वसाहतकारांनीही न्यायालयात प्रांजळपणे सांगितले की, ते तात्पुरते आलेले नाहीत. ईश्वराने दिलेल्या भूमीवर कायमचे राहण्यासाठी आले आहेत.

या प्रांजळपणानेच सरकारची अडचण झाली. लष्करी गरज ही स्वभावतः तात्पुरती असते. तिच्या नावाने घेतलेल्या जमिनीवर कायमची वस्ती कशी उभी राहील? न्यायमूर्ती मोशे लांडाऊ यांनी २२ ऑक्टोबर १९७९ च्या निकालात नेमके हेच विचारले आणि वसाहत हटविण्याचा आदेश दिला. १९६१ मध्ये आइखमनवरील खटल्यात अध्यक्षस्थानी असलेले हेच ते न्यायाधीश. आपल्याच सरकारला असे खडसावणाऱ्या न्यायसंस्थेचा गौरव करणे उचितच आहे.

तथापि विजय फार काळ टिकला नाही. एलोन मोरे जवळच्याच दुसऱ्या टेकडीवर गेली आणि सरकारने वेगळी वाट शोधली. १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्याचा आधार घेऊन लागवडीखाली नसलेल्या पडीक जमिनी सरकारजमा ठरविण्यात आल्या व वसाहतींना देण्यात आल्या. खाजगी मालकीचा प्रश्न त्यामुळे टळला. जिनिव्हा कराराचा टळला नाही. त्या करारातील निषेध जमीन कोणाची हे विचारतच नाही. तेथे कोणाला आणून वसविले, एवढेच विचारतो. १९८० च्या सुमारास पूर्व जेरुसलेम वगळून पश्चिम किनाऱ्यावर सुमारे १२ हजार वसाहतकार होते. १९९३ मध्ये ऑस्लो करार झाला तेव्हा ते १ लाखावर गेले होते. आज ही संख्या ५ लाखांहून अधिक आहे. एकाच टेकडीच्या दोन उतारांवर आता दोन कायदे नांदतात: वसाहतकारांवर इस्रायली न्यायालयांत खटले चालतात, तर पॅलेस्टिनी शेजाऱ्यांवर लष्करी न्यायालयांत.

युक्तिवाद आणि उत्तर

इस्रायलची बाजू ऐकल्याविना निर्णय देणे न्यायाचे होणार नाही. पहिला युक्तिवाद असा की, जॉर्डनने १९५० मध्ये पश्चिम किनारा आपल्या राज्याला जोडला, तो बहुतेक जगाने मानला नव्हता. ज्याच्याकडून प्रदेश घेतला तोच खरा धनी नव्हता, तर तो ‘व्याप्त’ कसा? दुसरा असा की, हे नागरिक स्वेच्छेने गेले, त्यांना कोणी बळाने हलविले नाही. तिसरा असा की, राष्ट्रसंघाच्या १९२२ च्या जनादेशाने या भूमीवर ज्यूंच्या वसाहतीला उत्तेजन दिले होते.

या तिन्ही मुद्द्यांना उत्तरे आहेत. जिनिव्हा करार प्रदेशाच्या मालकीहक्काचे नव्हे, तेथील माणसांचे रक्षण करतो. मालकीबद्दल वाद आहे म्हणून रहिवाशांचे संरक्षण संपत नाही. ४९ व्या कलमाच्या पहिल्या परिच्छेदात ‘बळजबरीने’ हा शब्द आहे, सहाव्यात तो नाही. तो गाळण्यालाही अर्थ आहे. शिवाय जमीन, रस्ते, वीज आणि सवलती सरकारनेच दिल्या असतील, तर स्वेच्छेचा आधार फारसा उरत नाही. जनादेश १९४८ मध्ये संपला. नंतर केलेल्या कराराची बंधने त्याच्या नावाने झुगारता येत नाहीत.

जागतिक संस्थांनी हेच मानले आहे. सुरक्षा मंडळाने २२ मार्च १९७९ च्या ४४६ क्रमांकाच्या ठरावात या वसाहतींना कायदेशीर आधार नसल्याचे म्हटले. १ मार्च १९८० चा ठराव तर अमेरिकेसह सर्वांनी एकमताने संमत केला. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने भिंतीच्या प्रकरणात वसाहती बेकायदा ठरविल्या. त्या मताला विरोध करणारे एकमेव न्यायाधीश, अमेरिकेचे टॉमस ब्युर्गेन्थाल, यांनीही ४९ वे कलम वसाहतींना लागू होते व त्याचा भंग होतो, हे मान्य केले. १९ जुलै २०२४ च्या मतात त्या प्रदेशातील इस्रायलचे वास्तव्यच ११ विरुद्ध ४ मतांनी बेकायदा ठरले. नव्या वसाहती थांबवून वसाहतकारांना परत न्यावे, या मुद्द्यावर मात्र १४ विरुद्ध १ असा कौल होता. अमेरिकेची भूमिका अध्यक्षागणिक बदलत गेली: १९७८ मध्ये तिच्या परराष्ट्र खात्याने वसाहती बेकायदा म्हटल्या, १९८१ मध्ये रेगन यांनी त्या बेकायदा नसल्याचे सांगितले. कलमाचा मजकूर मात्र या काळात एका अक्षरानेही बदलला नाही.

कायद्याचे बळ

मग अशा कायद्याचा उपयोग काय, असा प्रश्न सामान्य माणसाच्या मनात येईल. जो नियम कोणी अमलात आणीत नाही, तो नियम कसला? या शंकेत तथ्य आहे. वसाहती काढताच येत नाहीत, असे मात्र नाही. इजिप्तशी शांतता करार झाल्यावर १९८२ मध्ये इस्रायलने सिनाईतील यामित ही वसाहत जमीनदोस्त केली. २००५ मध्ये गाझातील सुमारे ८ हजार वसाहतकारांना त्याच्याच सैनिकांनी परत आणले. राजकीय इच्छा असेल तेव्हा अशक्य वाटणारे शक्य होते.

शिवाय हा नियम एकट्या इस्रायलसाठी नाही. १९७४ नंतर उत्तर सायप्रसमध्ये तुर्कस्तानातून आणि १९७५ नंतर पश्चिम सहारात मोरोक्कोतून आणून वसविलेल्या लोकांनाही तोच लागू होतो. एकाला सूट मिळाली की दुसऱ्याला निमित्त मिळते. पुढे कोणा बलिष्ठ राष्ट्राने शेजाऱ्याचा प्रांत बळकावून तेथे आपली माणसे वसविली, तर त्याला कोणत्या तोंडाने अडवायचे?

भारतालाही हा प्रश्न परका नाही. १८ सप्टेंबर २०२४ रोजी, मेरॉन यांच्या टिपणाला बरोबर ५७ वर्षे पूर्ण होत असताना, न्यायालयाच्या मताला अनुसरून व्याप्त प्रदेश बारा महिन्यांत सोडण्याची मागणी करणारा ठराव राष्ट्रसंघाच्या आमसभेने १२४ मतांनी संमत केला. १४ राष्ट्रे विरोधात होती. ४३ तटस्थ राहिली. त्या तटस्थांत भारत होता. वसाहतवादाविरुद्ध लढून स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने मैत्री आणि व्यवहार यांचा हिशेब जरूर करावा. परंतु त्या हिशेबात कायद्याचा रकाना कोरा ठेवणे परवडणारे नाही. इस्रायलच्या राज्यकर्त्यांना १९६७ साली योग्य उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. ते त्यांच्याच सल्लागाराने लिहून दिले होते. उणीव ज्ञानाची नव्हती. ते उत्तर पाळायला लावण्याची तयारी जगाने तेव्हाही दाखविली नाही आणि आजही दाखवीत नाही.