परवानगीची सोय झाली, उपचारांची राहिली

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ च्या उन्हाळ्यात देशभर गाजला. अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्ध तेव्हापासून चाललेल्या मोहिमेचं यश खरं आहे, पण ते एका बाजूचं आहे, असं माझं मत आहे. खासगी दवाखान्यांवर नजर ठेवायला सरकार शिकलं. शस्त्रक्रियेच्या आधी ऊसतोड बाईला जे साधे उपचार हवे होते, ते मात्र सरकारी दवाखान्यात अजून भरवशाने मिळत नाहीत.

आकड्यांपासून सुरुवात करू. २०१८ मध्ये पाहणी केलेल्या २०० ऊसतोड महिलांपैकी ३६ टक्क्यांची गर्भपिशवी काढलेली होती. नमुना लहान आहे, असा आक्षेप आला आणि तो रास्तही होता. पण नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीसमोर ८२,३०९ महिलांची माहिती आली, आणि त्यातल्या १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. म्हणजे सुमारे १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) राज्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्याही खाली होतं. वयोगट तंतोतंत जुळत नसले तरी एवढी तफावत योगायोगाची नसते. जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारनेच विधिमंडळात सांगितलं होतं.

यावर मिळणारं नेहमीचं उत्तर असं की बायका स्वतःहून येतात, कुणी जबरदस्ती करत नाही. हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि म्हणूनच ते नीट तपासायला हवं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, खाडा झाला की दंड. पहाटेपासून वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. गाडी रात्री आली तर रात्री. राहायला पाल, संडास नाही, पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पुरेसं पाणी नाही. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. यातल्या कितीतरी तक्रारी तपासणी आणि औषधाच्या एका कोर्सने बऱ्या होण्यासारख्या. पण गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञ नसतो, आणि खासगीत सोनोग्राफी होऊन 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' असं ऐकायला मिळतं. ऐन तिशीत, मुलं झालेली, कर्ज डोक्यावर असलेली बाई अशा वेळी 'कटकट गेलेली बरी' म्हणते. दुसरा मार्गच समोर नसताना दिलेल्या होकाराला निवड म्हणणं मला पटत नाही. शिवाय अंडाशयंही काढली गेली असतील तर रजोनिवृत्ती लवकर येते, हाडं ठिसूळ होतात, आणि मोळी तर उचलावीच लागते.

मोहिमेच्या रेट्याने जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय अशी शस्त्रक्रिया करायची नाही, हा नियम बीडमध्ये आला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रियांविरुद्धची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. परवानगीमुळे गरजू बाईला उशीर होतो, असं काही डॉक्टर म्हणतात. तातडीच्या रुग्णाला उशीर होता कामा नये, हे मान्यच. पण त्यासाठी नियम सैल करण्यापेक्षा निर्णय तालुक्याच्या ठिकाणी लवकर व्हावा. माझी तक्रार वेगळी आहे. याच जिल्ह्यातल्या परळीच्या २०१२ च्या बेकायदा गर्भलिंगनिदान प्रकरणानंतरही सगळा जोर सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीवर गेला होता. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये हजार मुलांमागे ८०७ मुली असताना तो जोर हवाच होता. पण दोन्ही वेळा उजेडात आलेला गुन्हा मोठा ठरला, आणि रोजची गैरसोय तशीच राहिली.

जिल्ह्यात सरकारी सोय मुळात नाही, असंही नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून आहे. अडचण अंतराची आणि हंगामाची आहे. दसरा-दिवाळीनंतर ही माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत; गावच्या आशाताईंची वही त्यांच्याबरोबर जात नाही. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासणी करायची, हे कागदावर आलं आहे. तपासणीत दोष सापडलेल्या बाईचा औषधोपचार कारखान्याच्या तळावर कोण चालू ठेवणार, तिथल्या आरोग्य केंद्राकडे तिचं कार्ड कसं पोचणार आणि उपचाराच्या दिवशीचा खाडा कोण भरून देणार, याची जबाबदारी कारखाने व गावच्या आणि कारखान्याच्या अशा दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य विभागांवर नावानिशी टाकून घेणं ही मोहिमेची पुढची मागणी असायला हवी, आणि ती पुढचा हंगाम सुरू होण्याआधी.