वहिनींची फाईल

पदवी प्रमाणपत्र स्कॅनरवर पालथं घालण्याआधी दुकानातल्या दादाने ते उजेडात धरून पाहिलं. ‘‘ताई, लॅमिनेशन कशाला केलं याला?’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘पाणी लागू नये म्हणून. पत्र्याचं घर होतं तेव्हा.’’ प्लास्टिकखाली हवा शिरून एक फुगा आला होता, तोही नेमका शिक्क्यावर. दादाने अंगठ्याने फुगा कडेला सरकवून पाहिला. तो सरकला आणि अंगठा उचलताच पुन्हा जागेवर येऊन बसला. मग त्याने काच बाहीने पुसली, कागद ठेवला, झाकण हाताने दाबून धरलं आणि हिरवा उजेड एका कडेने दुसऱ्या कडेला गेला.

स्कॅन दीड एमबीच्या वर गेला. अर्जात दोनशे केबीच्या आतच चालतो. दादा फाईल लहान करत गेला तसा विद्यापीठाचा शिक्का पुसट होत होत निळसर डाग झाला. नाव मात्र त्याने मोठं करून वहिनींकडे पडदा वळवला. ‘‘वाचता येतंय ना? शिक्का गेला तर चालंल, नाव जायला नको.’’ तीर्थपुरीच्या त्या दुकानात मी २०२३ आणि २०२४ अशा दोन पावसाळ्यांत वहिनींसोबत बसलो. प्रवेशाचं सगळं काम नावाभोवती कसं फिरतं ते मला त्या एका वाक्यात कळलं.

वहिनींना इग्नूची ग्रामीण विकासातली पदव्युत्तर पदविका करायची होती. हे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ च्या कायद्याने झालं, आणि या पदविकेची पात्रता एका ओळीत मावते: कोणत्याही शाखेची पदवी. वयाची अट नाही. किमान एका वर्षाचा अभ्यासक्रम, पुस्तकं हिंदी-इंग्रजीत. पदवी तर वहिनींकडे २०११ पासून होती. म्हणजे पात्रता बारा-तेरा वर्षं कपाटात पडून होती, ती फक्त बाहेर काढायची होती. ती काढायला आम्हाला दोन पावसाळे लागले.

पहिल्या पावसाळ्यात बेत वेगळा होता. जालन्याच्या एका महाविद्यालयात नियमित वर्गाला बसायचं ठरलं. त्यासाठी वहिनींनी वीस कप्प्यांची निळी फाईल विकत आणली आणि कागद गोळा करू लागल्या. दहावी, बारावी, पदवीच्या तिन्ही वर्षांची गुणपत्रकं, टीसी, आधार, फोटो. तेवढ्यात दादाने विचारलं, ‘‘पदवी कुठली? नांदेडची? मग मायग्रेशन लागंल.’’

वहिनींचं माहेर पाथरी तालुक्यात. पाथरी आणि आमचा घनसावंगी तालुका, दोन्ही गोदावरीच्या उत्तर काठाचे. मधे परतूर ओलांडलं की माहेर आलं. पण परभणी जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे, आणि जालना छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. हे दोन तुकडे १९९४ सालचे. त्या वर्षी जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि सप्टेंबरात नांदेडचं विद्यापीठ वेगळं सुरू झालं. त्याआधी १९५८ पासून पाथरीचा विद्यार्थी आणि तीर्थपुरीचा विद्यार्थी एकाच विद्यापीठाचे होते, आणि १९५८ च्याही आधी दोघांनाही पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानियाकडे बघावं लागे. वहिनी लग्न होऊन परतूरपलीकडून आल्या त्या एका मांडवाखालून. त्यांना काय माहीत, त्या दिवशी त्यांचं विद्यापीठही बदललं. मायग्रेशनचं ‘स्थलांतर प्रमाणपत्र’ हे नाव वाचून त्या मला म्हणाल्या, ‘‘भाऊजी, स्थलांतर म्हणजे ऊसतोडीला जातात ते ना?’’ आमच्या भागात या शब्दाचा दुसरा अर्थ कुणाला सुचतच नाही.

टीसी आणायला वहिनींचा भाऊ कॉलेजात गेला. स्थलांतर प्रमाणपत्रासाठी अर्ज केला, तेही आलं. आणि मग दादाने फाईलचे कप्पे बोटाने मोजत शेवटचा कागद सांगितला: ‘‘गॅप.’’

शेवटची परीक्षा आणि नवा प्रवेश यांच्यात वर्षं गेली असली की खंड प्रमाणपत्र लागतं. म्हणजे प्रतिज्ञापत्र. तहसीलजवळ झाडाखाली टेबल मांडून बसलेल्या टंकलेखकाकडे त्याचा मजकूर तयारच होता. त्याने वहिनींना दोनच गोष्टी विचारल्या, नाव आणि साल. बाकीचं त्याच्या बोटांना पाठ होतं. २०११ ते २०२३ या काळात मी कोणत्याही शाळा-महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही, कोठेही नोकरी केलेली नाही, मी घरीच होते. शंभराच्या बाँडवर तीन ओळी. (पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात शंभराचा बाँड पाचशेचा झाला.) वहिनींनी सही करायला पेन घेतलं आणि ‘घरीच होते’ या शब्दांवर बोट ठेवून त्या थांबल्या. टंकलेखकाला वाटलं, काही चुकलं. ‘‘काय राहिलं का ताई?’’ ‘‘नाही, बरोबर हाय,’’ म्हणून त्यांनी सही केली.

बरोबर नव्हतं. मी त्या घरात राहतो, म्हणून सांगतो. त्या बारा वर्षांत वहिनींनी दोन मुलं वाढवली, माझ्या आईचं दुखणं काढलं, दरवर्षी कापूस वेचला, ऊस लागवडीत बेण्याच्या कांड्या मांडल्या. बाराजणींचा बचत गट उभा केला. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बायकांना विचारा पंचसूत्री काय असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत हिशेब. यातलं शेवटचं सूत्र सगळ्यात अवघड, आणि आमच्या गल्लीत ते वहिनींच्या हातचं. रात्री जेवणं झाली की त्या चुलीशेजारी पोतं टाकून वहीत आकडे उतरवायच्या. कुणाचे किती, कुणाचा हप्ता चुकला, का चुकला. बँकेचा साहेब त्यांची वही बघून कर्ज मंजूर करतो. पुढे त्या सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती झाल्या, बाकीच्या गटांनाही हिशेब शिकवू लागल्या. त्याचं मानधन मिळतं, आणि मानधन म्हणजे पगार नव्हे, म्हणून ‘नोकरी केलेली नाही’ हेही कागदावर खरं ठरतं. ग्रामीण विकासाचा अभ्यास करायला निघालेल्या बाईकडून आपण शपथेवर लिहून घेतलं, की बारा वर्षं तिने ग्रामीण भागात काहीच केलं नाही.

मला याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. खंडाच्या कागदामागचं कारण मला कळतं. एकाच वेळी दोन ठिकाणी प्रवेश घेतलेला नको, मधली वर्षं लपवलेली नकोत, एवढंच कार्यालयाला हवं असतं. पण एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला युजीसीनेच २०२२ मध्ये परवानगी दिली, तरी मजकूर जुनाच राहिला. अमेरिकेतली विद्यापीठं पदवीनंतरचं छोटं प्रमाणपत्र देतात, तेव्हा पदवी आणि गुणपत्रकं तर मागतातच, पण पुष्कळ ठिकाणी ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ नावाचं एक-दोन पानी निवेदनही मागतात. हा अभ्यास का करायचाय, इतकी वर्षं काय केलं, त्यातून काय कळलं. तिथल्या बाईला मधल्या वर्षांबद्दल लिहायला पान मिळतं. आमच्या वहिनींना मिळाल्या तीन ओळी, त्याही दुसऱ्याने टाइप केलेल्या. एक पान दिलं असतं तर त्यांनी त्या वहीबद्दल लिहिलं असतं, आणि ते वाचून कुणीही प्रवेश दिला असता.

त्या वर्षी प्रवेश झाला नाही. कागदात खोट नव्हती. एसटीच्या वेळा आणि मुलांची शाळा यांचा मेळ बसेना. फाईल कपाटावर गेली.

दुसऱ्या पावसाळ्यात इग्नूमधून दूरस्थ शिक्षणाचं ठरलं. दुकानात गर्दी होती. अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर आमच्या भागात ज्याला त्याला कुणबी नोंदी, आजोबांचे दाखले, वंशावळ लागत होती. दादाचं दुकान म्हणजे कागदांचा बाजार झालं होतं. त्याने वहिनींची फाईल उघडली आणि एकेक कप्पा पुढे सारला. ‘‘टीसी, इथं लागत नाही. मायग्रेशन, लागत नाही. गॅप, हेबी लागत नाही.’’ मागच्या वर्षी ज्यासाठी एवढी धावपळ झाली ते कागद एका वाक्यात बाजूला पडले. मग म्हणाला, ‘‘पण डेब आयडी लागंल.’’

डेब म्हणजे युजीसीचा डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो. युजीसीने २०२४ च्या त्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला डेब आयडी सक्तीचा केला. डेब आयडीसाठी आधी एबीसी आयडी, म्हणजे शैक्षणिक श्रेयांकांच्या बँकेतलं बारा आकडी खातं. एबीसीसाठी डिजिलॉकर. डिजिलॉकरसाठी आधार. आणि आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी. वहिनींच्या आधारला मोबाईल जोडलेला होता माझ्या भावाचा.

भाऊ त्या दिवशी कपाशीला फवारणी करत होता. दादाने बटण दाबलं. ‘‘दाजींना फोन लावा, सहा आकडे आलेत.’’ वहिनींनी लावला. वाजला, उचलला नाही. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, आणि मोबाईल शर्टसकट बांधावरच्या लिंबाच्या झाडाला. पुन्हा लावला. दहा मिनिटं सरली, ओटीपी बाद. दादाने नवा पाठवला. तिसऱ्या खेपेला भावाने उचलला आणि आकडे सांगितले ते पहिल्या मेसेजचे. मागे उभ्या असलेल्या लोकांपैकी कुणी कुरकुरलं नाही. सगळ्यांच्याच घरी हे होतं. वहिनींनी फाईल बंद केली आणि मला म्हणाल्या, ‘‘भाऊजी, आधी नंबर माझा लावून घेऊ.’’

त्यासाठी तेव्हा आधार केंद्रात स्वतः जावं लागे, बोटांचे ठसे द्यावे लागत. वहिनींनी यंत्राच्या काचेवर उजव्या हाताची चार बोटं ठेवली. पडद्यावर चार फिकट ठिपके उमटले आणि लाल झाले. ऑपरेटर म्हणाला, ‘‘बोटं पुसा ताई, पदराला.’’ पुन्हा लाल. मी पहिल्यांदाच त्यांची बोटं इतक्या जवळून पाहिली. टोकं गुळगुळीत, रेषा घासून गेलेल्या, तर्जनीला खुरप्याचा घट्टा, अंगठ्यावर राखेने भांडी घासून पडलेल्या बारीक चिरा, त्यात काळं बसलेलं. ऑपरेटर चांगला मुलगा होता. त्याने ओला रुमाल दिला, बोटं ओली करायला लावली, कोरडी करायला लावली, जोर किती द्यायचा ते हाताला धरून दाखवलं. पाचव्या खेपेला हिरवं झालं. ‘घरीच होते’ त्याचा पुरावा त्या बोटांवर होता. यंत्राला फक्त रेषा हव्या होत्या.

नंबर जोडला गेल्यावर नावाचा प्रश्न उभा राहिला, आणि तो खरा किचकट. आधारवर वहिनींचं नाव सासरचं: त्यांचं नाव, भावाचं नाव, आमचं आडनाव. एबीसी खातं नाव आधारवरून उचलतं. दहावी-बारावी-पदवी माहेरच्या नावाची. त्यातही त्यांच्या नावातली दीर्घ ‘ई’ दहावीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘डबल ई’, पदवीवर नुसती ‘आय’. शाळेत नाव घालताना कुणीतरी कानाला वाटलं तसं लिहिलं असणार. देवनागरीत ती एकच बाई, इंग्रजीत तीन.

दादाने अशा फायली शेकड्यांनी पाहिल्या होत्या. त्याने एका कोऱ्या कागदावर तिन्ही नावं एकाखाली एक लिहिली, प्रत्येक अक्षराखाली अक्षर येईल अशी, आणि जिथे फरक तिथे गोल केला. आमच्या भागातल्या लग्न झालेल्या प्रत्येक मुलीच्या फाईलला हा कागद करावाच लागतो म्हणाला. राजपत्रात नाव बदलून घेणं हा एक रस्ता. दुसरा, विवाह नोंदणीचा दाखला. १९९८ च्या कायद्यानुसार गावात ती नोंद ग्रामपंचायतीतच होते, आणि वहिनींच्या सुदैवाने आईने लग्नाच्या वर्षीच भावाच्या मागे लागून ती करून घेतली होती. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. कागद करून ठेवावा, कधी लागेल सांगता येत नाही, हे तिला कुठून कळलं होतं कोण जाणे.

१ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलामुलींच्या सरकारी कागदांवर आता बापाच्या आधी आईचं नाव येतं. चांगलं झालं. पण लग्न झालेल्या बाईचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव ही रीत तशीच ठेवलेली आहे. म्हणजे आज पाळण्यात असलेली मुलगी आईचं नाव घेऊन पदवीपर्यंत जाईल, आणि लग्नानंतर पुन्हा शिकायचं म्हणाली तर दादासारख्या कुणालातरी तिच्यासाठी अक्षराखाली अक्षर मांडावं लागेल.

विवाहाचा दाखला स्कॅन झाला. फोटो शंभर केबीच्या आत, सही शंभर केबीच्या आत. सहीसाठी दादाने पांढरा कागद आणि काळं पेन दिलं. वहिनींनी आधी माहेरच्या नावाची सही केली, मग थबकल्या, कागद उलटा केला आणि मागे सासरच्या नावाची केली. एबीसीचे बारा आकडे त्यांनी बचत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले, त्याखाली डेब आयडी. त्यांच्या मते जपून ठेवायचं असेल तर ती एकच जागा.

अर्जाच्या शेवटच्या पानावर आल्यावर दादाने छापलेला मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. त्या बोटाने नाव वाचत गेल्या, एकेक अक्षर. मग मान हलवली. दादाने फाईल आवरायला घेतली, खंडाचं प्रतिज्ञापत्र हातात धरून म्हणाला, ‘‘हे काढून टाकू का ताई? आता कशाला लागत नाही.’’

‘‘राहू द्या,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘बरं. आता शेवटचा ओटीपी आला असंल. दाजींना फोन लावता?’’ सवयीने बोलून गेला बिचारा.

वहिनींनी पिशवीत हात घातला, स्वतःचा मोबाईल काढला, लांब धरला, आणि आकडे मोठ्याने, सावकाश सांगितले.