घरातल्या हवेचा हिशेब

चंद्रपूरच्या प्रदूषणाची चर्चा आता नवी राहिलेली नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक परिसरांची क्रमवारी लावली, तेव्हा ८३.८८ गुणांसह चंद्रपूर चौथे आले. परंतु ही मोजदाद घराबाहेरची होती. माणसाच्या दिवसाचे अधिक तास घरात जातात. तेथील हवेचा हिशेब त्याला कोण देणार?

हा प्रश्न विचारावयास लावणारा वायू म्हणजे रेडॉन. त्याला रंग नाही, वास नाही. माती व खडक यांतील युरेनियमच्या विघटनाच्या साखळीत तो निर्माण होतो. उघड्यावर तो विरून जातो. पण जमिनीच्या भेगांतून तळमजल्याच्या कोंदट खोलीत शिरला की साठतो, आणि त्यापासून निपजणारे किरणोत्सारी कण श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत जागतिक आरोग्य संघटना त्याला धूम्रपानाच्या खालोखाल स्थान देते. घनमीटरमागे १०० बेकरेल ही मर्यादा तिने २००९ मध्ये सुचविली. धूम्रपान करणाऱ्यास हा धोका कितीतरी पट अधिक असतो. ज्या जिल्ह्यांच्या जंगलातून विडीसाठी तेंदूपान जाते, त्यांनी हे विसरू नये.

१९८४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात अणुवीज केंद्रातील एक अभियंता कामावर येताच किरणोत्साराची धोक्याची सूचना वाजू लागली. शोधाअंती दोष केंद्राचा नव्हे, त्याच्या राहत्या घराचा निघाला. त्यानंतर तेथे घरोघरच्या तपासणीला चालना मिळाली.

आपल्याकडे जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर या वेशींच्या आतील जुन्या वस्तीचा विचार करू. चाचणी अवघड नाही. एका छोट्या डबीतील फिल्म खोलीत तीन महिने टांगून ठेवायची. तिच्यावर उमटलेले कणांचे माग प्रयोगशाळेत मोजायचे. औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटांबद्दलही तर्ककुतर्क करण्याचे कारण नाही. राखेत किरणोत्सारी द्रव्यांचे प्रमाण कोळशापेक्षा वाढते हे खरे. पण तिचे कण काचेसारखे असल्याने बराचसा रेडॉन आतच अडकतो, हेही खरे. येथे निवाडा मोजमापाचाच.

मग मोजावयाचे कोणी? आकडा वाईट निघाला तर घराचा भाव पडेल, म्हणून मालक मोजणार नाही; भाडेकरूस त्याची माहिती नाही आणि ऐपतही नाही. ज्या माहितीला गिऱ्हाईक नसते ती बाजार पुरवीत नाही. ती सार्वजनिक खर्चानेच मिळवावी लागते. महानगरपालिकेने गोंडवाना विद्यापीठाच्या साहाय्याने शाळांच्या तळमजल्यांपासून आरंभ करावा. घराचा आकडा त्या कुटुंबापुरता ठेवावा, वॉर्डाची सरासरी मात्र जाहीर करावी.

उपायही साधे आहेत: भेगा बुजविणे, फरशी पक्की करणे आणि हवा खेळती ठेवणे. पण खरी मेख येथेच आहे. खिडकी उघडावी तर कोळशाची धूळ आत येते, लावून घ्यावी तर रेडॉन कोंडतो. श्रीमंताला यंत्राने या पेचातून सुटता येईल. कारकुनाच्या दोन खोल्यांना ते परवडणारे नाही. म्हणून घरातली हवा हा खाजगी प्रश्न नव्हे. ज्या शहरात खिडकी निर्धास्तपणे उघडता येत नाही, तेथे घरातील हवेची जबाबदारीही धूर काढणाऱ्यांना आणि त्यांस परवाने देणाऱ्यांना टाळता येणार नाही.