सहल ठरवताना आधी मागे राहणारीचा विचार

आज आपण सहलीविषयी बोलणार आहोत. मुक्कामाची यात्रा नव्हे, तर सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत घरी येता येईल अशी, पोराबाळांसकट एका दिवसाची सहल. पुण्याच्या आसपास अशा जागा पुष्कळ आहेत. पण गटात सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, “कुठं जायचं?” माझं म्हणणं, तो दुसरा ठेवा. पहिला प्रश्न असा विचारा, “आपल्यातली कोण मागे राहील, आणि कशामुळे?”

बहुतेक गटांत कारणं चारच निघतात. पैसे नाहीत, गुडघे दुखतात, पोर लहान आहे आणि घरून सोडत नाहीत. या चार कारणांना उत्तर मिळालं की सहल निम्मी ठरलीच म्हणायची.

आधी पैशाचं पाहू. दर महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीनं ५० रुपये जास्तीचे बाजूला ठेवले, तर सहा महिन्यांत ३०० होतात. हे पैसे बचतीच्या आणि कर्जाच्या पैशांत मिसळू नका. वेगळं पान काढा, जमा आणि खर्च सगळ्यांसमोर वाचा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्या आजींना प्रवास मोफत आहे. त्यांचं आधार कार्ड सोबत घ्या. पूर्ण गाडीच ठरवायची असेल तर आगारात ‘प्रासंगिक करार’ हा शब्द वापरून विचारा. त्याचा हिशोब वेगळा असतो, म्हणून सवलत मिळते का तेही तिथेच विचारून घ्या.

आता जागा पाहू. पहिली सहल सगळ्यात स्वस्त, ती मळवलीची. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल मळवलीला थांबते. स्टेशनच्या एका अंगाला भाजे गाव आणि भाजे लेणी, दुसऱ्या अंगाला कार्ला लेणी आणि एकवीरा आई. दोन्हीकडे पायऱ्या चढाव्या लागतात. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरून केलेलं. आत गेल्यावर वर पाहा, छताच्या लाकडी कमानी त्या काळातल्याच आहेत. खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. हे एवढं मोठं काम कुणा एका राजानं केलेलं नाही. व्यापारी, कारागीर आणि भिक्षुणी अशा अनेकांनी आपापला वाटा दिला. थोडं थोडं जमवून मोठं काम उभं करणं आपल्या गटांना नवीन नाही, म्हणून ही गोष्ट मुलांना तिथेच उभं राहून सांगा. भाज्याला २२ लेणी आहेत. तिथल्या एका लेण्यात वाद्य वाजवणारी आणि नाचणारी अशा दोन बायका कोरल्या आहेत. त्या वाद्यात काही जणांना तबल्याचं जुनं रूप दिसतं.

दुसरी सहल जुन्नरची. पुण्याहून नारायणगावमार्गे सुमारे ९५ किलोमीटर, म्हणजे अडीच-तीन तासांचा रस्ता. म्हणून पहाटे निघायला हवं. शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पायऱ्यांच्या वाटेवर एकामागून एक सात दरवाजे लागतात, वर शिवाई देवीचं देऊळ आणि जन्मस्थान आहे. जुन्नरपासून पाचेक किलोमीटरवर लेण्याद्री. अष्टविनायकांपैकी हा गिरिजात्मज बौद्ध लेण्यात बसलेला आहे आणि तिथं पोचायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत.

इथंच गुडघ्यांचा प्रश्न येतो. शिवनेरी आणि लेण्याद्री एकाच दिवशी चढायचा हट्ट धरू नका. एक चढा, आणि दुसरी जागा ओझरच्या विघ्नेश्वराची ठेवा. तिथं डोंगर चढावा लागत नाही, म्हणून आजी आणि लेकुरवाळी दोघी सगळ्यांबरोबर राहतात. गटाची स्वतःची गाडी असेल तर नाणेघाटाचाही विचार करा. तिथल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. या भागातल्या एका बाईचं नाव दोन हजार वर्षं दगडावर टिकून राहिलं, ते लेकींना दाखवावं असंच आहे.

कार्ला, भाजे, लेण्याद्री इथं पुरातत्त्व खात्याचं थोडं तिकीट असतं. १५ वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. रविवारी, चतुर्थीला आणि एकवीरेच्या चैत्री यात्रेत फार गर्दी असते. १९ फेब्रुवारीला लहान पोरं घेऊन शिवनेरीवर जाऊ नका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा कोणताही साधा वार चांगला.

पावसाळ्याविषयी मात्र नीट ऐका. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. वर डोंगरात पाऊस पडला की खाली पाण्याचा लोंढा अचानक येतो, तेव्हा बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. म्हणून वाहत्या पाण्यात उतरायचं नाही, मुलांनी नाही आणि मोठ्यांनीही नाही. जुन्नरच्या कड्यांवर आणि लेण्यांत मधमाश्यांची पोळी असतात. तिथं धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा नको.

पोरं बरोबर असतील तर चार-चार मुलांमागे एक बाई ठरवून द्या. प्रत्येकाच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. स्वच्छतागृह बसस्थानकावर आणि डोंगराच्या पायथ्याशी गाठा, वर सोय असेलच असं धरून चालू नका. पाणी माणशी एक बाटली. कुणाची पाळी आली असेल किंवा यायची असेल तर पॅड आणि जुन्या वर्तमानपत्राचे कागद पिशवीत असू द्या. परतीच्या लोकलची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या, कारण दुपारी लोकल कमी असतात.

आणि एक, अख्खा स्वयंपाक बरोबर नेऊ नका. चपाती-चटणी, शेंगदाणे, केळी पुरतात. पहाटे तीनला उठून वीस माणसांचा डबा करणारी बाई दुपारी झाडाखाली झोपून जाते. सहल बघायची तिचीच राहून जाते.

राहिला घरच्यांचा प्रश्न. “जाऊ का?” असं एकेकीनं विचारलं की नकार सोपा असतो. गटानं तारीख, गाडी, खर्च, परतीची वेळ आणि सोबत कोण कोण हे एका कागदावर लिहावं आणि दोघी-तिघींनी मिळून घरी जाऊन सांगावं. सासूबाईंनाही बरोबर बोलवावं. पहिली सहल सांगितलेल्या वेळेला घरी आली की पुढच्या वेळी सांगणं सोपं जातं.

तर येत्या बैठकीत हे चार प्रश्न घ्या, आणि उत्तरं मिळाली की मग जागा ठरवा.