‘आता या वयात कसली कला?’

निवृत्त माणसाने चित्रकलेच्या क्लासचं नाव काढलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘कला लहानपणापासून अंगात असावी लागते. आता काय, वेळ जायला ठीक आहे!’ हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की समोरचा बिचारा तो विषयच सोडून देतो.

रवींद्रनाथ टागोरांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन पॅरिसमध्ये भरलं ते मे १९३० मध्ये. तेव्हा ते ६९ च्या घरात होते. त्यांच्या दोन हजारांवर चित्रांपैकी बहुतेक सगळी आयुष्याच्या शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांतली. यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘अहो, ते टागोर होते!’ होते ना. पण प्रतिभा लेखणीत होती. चित्राला हात वळत नव्हता. १९०० साली जगदीशचंद्र बोस यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच कळवलंय की चित्रं काढतोय खरा, पण पेन्सिलीपेक्षा रबरच जास्त चालतोय. पुढे १९२४ मध्ये ‘पूरबी’ या संग्रहाच्या वहीत कविता लिहिताना ते खोडलेले शब्द रेघांनी एकमेकांना जोडू लागले. एका खोडलेल्या शब्दाला चोच फुटली, दुसऱ्याला शेपूट. अर्जेंटिनातल्या मुक्कामात तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी ती वही पाहिली, आणि पॅरिसचं प्रदर्शन जुळवून आणलं तेही त्यांनीच. तेव्हा टागोरांना म्हातारपणी एका रात्रीत साक्षात्कार झाला, ही दंतकथाही आता पुरे.

‘या वयात मेंदू नवं काय शिकणार?’ म्हणाल, तर हँबुर्गच्या संशोधकांनी २००८ मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. साठीच्या आसपासच्या माणसांना त्यांनी तीन चेंडू झेलत राहायला शिकवलं. ती तरुणांइतकी तरबेज झाली नाहीत, हे खरं. पण ज्यांना जमलं त्यांच्या मेंदूतल्या करड्या द्रव्यात वाढ दिसली, आणि सराव सुटल्यावर ती ओसरली. म्हणजे रोजच्या रियाजाला पर्याय नाही. तो विशीतही नसतो.

‘हात साथ देत नाहीत’: अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस या शेतकरणीला संधिवातामुळे सुई धरवेना, म्हणून तिने भरतकाम सोडून ब्रश घेतला, १९४० मध्ये न्यूयॉर्कला तिचं प्रदर्शन भरलं तेव्हा ती ८० वर्षांची होती.

‘एलिमेंटरी-इंटरमिजिएटसुद्धा दिलेली नाही’: मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या जोधइया बाई बैगा शाळेतच गेल्या नव्हत्या. उभा जन्म मजुरीत गेला. सत्तरीच्या आसपास रंग हाती आले, २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

‘मग आमच्या आजोबांनाही मिळेल?’ बहुधा नाही. पण नातवाने पद्मश्री मिळवावी, या अटीवर आपण त्याला क्लासला घालत नाही.

आणि आजोबांना नातवाची उरलेली, सुकलेली रंगपेटी देऊ नका. बरा कागद आणि नवे रंग आणून द्या.