लाईट गेली की छतावरचं सोलारही थांबायला हवं

श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापुरात भर दुपारी लाईट जाते. वर कडक ऊन असतं, तरी छतावरच्या सोलारचा इन्व्हर्टर बंद पडतो. हा बिघाड नव्हे. या संरक्षणाला अँटी-आयलँडिंग म्हणतात, म्हणजे बंद झालेल्या लाईनमध्ये आपली वीज जाऊ न देणं. ते नीट लावलंय का, हे क्रमाने पाहू.

आधी धोका समजून घेऊ. महावितरणचा वायरमन सप्लाय बंद करून खांबावर चढतो. त्या वेळी आपल्या घरची वीज लाईनमध्ये गेली, तर गावातल्या डीपीतून ती उलटी चढते आणि वरच्या तारांत 11 हजार व्होल्ट येऊ शकतात.

पहिलं, ग्रीड कोड. इन्व्हर्टर बसवताना त्यात देश निवडावा लागतो. तिथे भारताचाच पर्याय हवा, नाहीतर पुढच्या सगळ्या मर्यादा चुकतात.

दुसरं, व्होल्टेजची मर्यादा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013च्या नियमांनुसार व्होल्टेज 80 टक्क्यांखाली किंवा 110 टक्क्यांवर गेलं, की इन्व्हर्टर 2 सेकंदांत सुटला पाहिजे. 230 व्होल्टला हे आकडे 184 आणि 253 होतात. महावितरणने याहून कमी पट्टा सांगितला असेल, तर तोच ठेवावा.

नेमकी इथेच गफलत होते. दुपारी व्होल्टेज चढतं, इन्व्हर्टर सारखा ट्रिप होतो आणि कुणीतरी मर्यादाच वाढवून देतो. तसं करू देऊ नका. मीटरपर्यंतची केबल बारीक आहे का, जोड सैल आहे का, ते बघा. तरीही व्होल्टेज जास्तच दिसलं, तर महावितरणकडे तक्रार करा.

तिसरं, सक्रिय तपासणी. घरातला वापर आणि सोलारची वीज सारखी झाली, तर लाईट गेल्याचं नुसत्या व्होल्टेजवरून कळत नाही. म्हणून इन्व्हर्टर वारंवारता, म्हणजे विजेची दर सेकंदाची आवर्तनं, किंचित ढकलून पाहतो. चालू ग्रीड हलत नाही, तुटलेली लाईन हलते. ही सेटिंग चालूच हवी.

चौथं, जनरेटर. त्याची वीज साध्या सोलार इन्व्हर्टरला ग्रीडसारखीच वाटते. म्हणून चेंजओव्हर स्विच असा हवा, की जनरेटर चालू असताना लाईन आणि सोलार दोन्ही तुटलेले राहतील.

शेवटी चाचणी. ती तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. उन्हात मीटरकडचा मेन स्विच पाडला, की 2 सेकंदांत वीज थांबली पाहिजे. स्विच परत चालू केल्यावर साधारण मिनिटभर थांबूनच इन्व्हर्टर जोडला गेला पाहिजे. सेटिंगच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा आणि पासवर्ड बदलून घ्या.

थोडी जास्त वीज मिळेल म्हणून या मर्यादा कुणालाही सैल करू देऊ नका. खांबावरच्या माणसाचा जीव त्यांवर अवलंबून असतो.